बार्रेटो सरांचा डावा हात

संगीत विभागाच्या कँटीनमध्ये चहाचे दोन कप टेबलावर आले आणि रुक्साना शिकलगारच्या डाव्या हाताची बोटं आपोआप किंचित वळली, कपाचा कान पकडायला वळावीत तशी. तिने दचकून हाताकडे पाहिलं. तिचा कप तर उजवीकडे होता.

समोर बार्रेटो सर बसले होते. त्यांचा डावा हात मांडीवर पडून होता. पक्षाघात होऊन आठ महिने झाले, तेव्हापासून तो तसाच असायचा. सरांनी उजव्या हाताने कप उचलला आणि फुंकर घातली.

"सर, आत्ता तुम्ही डाव्या हाताने कप घ्यायला गेलात का?"

"हा हात कुठे जातो आता, बाय?" सर हसले. "जुनी खोड. आधी मनात येतं, मग आठवतं."

रुक्सानाने आपला कप बाजूला सरकवला. दोघांच्याही डाव्या कोपराखाली करड्या रंगाचा, चार बोटं रुंद पट्टा होता. त्याचं कागदोपत्री नाव पूर्वसूचक. मिरजेत सगळे त्याला नुसतं 'पूर्वा' म्हणत. मेंदूचा आदेश स्नायूत पोचला तरी प्रत्यक्ष हालचाल व्हायला सेकंदाचा पंधरावा-विसावा हिस्सा जातो. पूर्वा तेवढ्या वेळात तो आदेश टिपतो आणि जोडीदाराच्या त्याच स्नायूला विजेची बारीकशी चाळवणी देतो. हात ओढून नेण्याइतकी ती नसते, फक्त सुचवण्यापुरती असते. काचेचे मोठे तक्ते उचलणारे कामगार, खो-खोचे संघ, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, सगळे तो वापरू लागले होते. वादकांना तर त्याच्याशिवाय करमेना.

सरांच्या पट्ट्याची जोडी अजून रुक्सानाच्या पट्ट्याशीच होती. ती तोडायला तिचं मन झालं नव्हतं. आणि सरांची बायको रोज सकाळी सवयीने त्यांच्या निर्जीव हातावर पट्टा बांधून देत होती.

म्हणजे सरांच्या मेंदूतून आदेश अजून निघत होता!

दर फेब्रुवारीत विभागातले अध्यापक कक्षसंगीताची मैफल करत. दोन-चार वादक, लहानसं दालन, ध्वनिवर्धक नाही. रचना मात्र आजच्या काळातल्याच हव्यात, अशी अट होती. यंदा घोरपडे सरांनी चेलो, म्हणजे जमिनीवर टेकवून वाजवायचं ते मोठं व्हायोलिन, आणि पियानो यांच्यासाठी नवी रचना केली होती. ती लिहिली बार्रेटो सरांसाठी. वाजवणार होती रुक्साना. चौदा वर्षं ती सरांकडे चेलो शिकली होती, आता त्यांच्याच विभागात शिकवत होती. मैफलीतला मुख्य चेलो पहिल्यांदाच तिच्याकडे आला होता, पत्रिकेवर तिचं नाव छापूनही झालं होतं.

त्याच दुपारी ती मज्जाविज्ञान विभागात डॉक्टर वडगावे मॅडमकडे गेली. मॅडमनी सरांना बोलावून तपासलं.

"आदेश स्नायूपर्यंत पोचतोय," त्या म्हणाल्या, "पण धाप लागलेल्या माणसासारखा. बोट हलवण्याइतका जोर त्यात नाही. आपण तो चाळीस पटीने वाढवून रुक्सानाच्या हाताला देऊ शकतो. तिच्या हाताने ऐकलं पाहिजे, एवढंच."

रुक्सानाची कल्पना सोपी होती. सरांचा उजवा हात धड होता. गज ते धरतील. ती त्यांच्या डावीकडे, जरा मागे बसेल, आणि तारांवर बोटं तिची पडतील.

घोरपडे सरांना ते पटेना. "ही मैफल आहे, दवाखाना नाही. लोकांनी कीव म्हणून टाळ्या वाजवल्या, तर सरांना ते सोसेल का?"

बार्रेटो सरही चिडले. "माझी बाहुली करून बसवणार गो तू?"

"बाहुली मी होणार आहे, सर," रुक्साना म्हणाली.

सरांनी तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझा चेलो आण."

पहिले तीन आठवडे नुसता गोंधळ झाला. रचना रुक्सानाला तोंडपाठ होती, हाच मोठा अडसर होता. सरांचा आदेश पोचायच्या आत तिची बोटं पुढच्या स्वरावर जाऊन बसत. गज एकीकडे, बोटं दुसरीकडे. चेलो कण्हल्यासारखा वाजे. एकदा सरांनी गज खाली ठेवला.

"तू फार चांगलं वाजवतेस. तेच आड येतंय."

"मग काय करू, सर?"

"तू काही करू नकोस. मी करतो."

दुसऱ्या दिवसापासून सर रोज बोटांचा क्रम बदलू लागले. काल जो स्वर पहिल्या बोटाने घेतला, तो आज तिसऱ्याने, शेजारच्या तारेवर. रुक्सानाला अंदाज बांधताच येईना. पाठ केलेलं सगळं निरुपयोगी झालं. चिडून, थकून, शेवटी तिने अंदाज बांधणंच सोडून दिलं. त्या दिवशी पहिल्यांदा सलग बारा मात्रा जुळून आल्या. पियानोवर बसलेले घोरपडे सर मागे वळले. त्यांना कोणी काही सांगायची गरज उरली नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोघांची नावं घालून नवी पत्रिका छापायला दिली.

मैफल रविवारी सकाळी दहाला होती. दीडशे खुर्च्या भरल्या होत्या. मिरजेतले तंतुवाद्यांचे कारागीर पुढच्या रांगांत बसले होते, त्यांत रुक्सानाचे अब्बाही. एका चेलोमागे दोन माणसं बसलेली पाहून दालनात कुजबुज झाली. सरांच्या कपाळावर घाम आला होता. रुक्सानाने डोळे मिटले.

सरांनी गज तारेवर टेकवला.

पहिला स्वर खोल होता. रुक्सानाचं दुसरं बोट पडलं तेव्हा ते आपण टाकलं असं तिला वाटलंच नाही. कुजबुज थांबली. गजाचा आवाज मोठा होत गेला, बोटं त्याच्यासोबत चढत गेली, आणि पाचव्या मिनिटाला एकही माणूस त्यांच्या हातांकडे पाहत नव्हता. सगळे ऐकत होते.

रचनेच्या मध्यावर घोरपडे सरांनी एक मिनिट कोरं ठेवलं होतं. तिथे वादकाने आपलं काही वाजवायचं. सरावात सर नेहमी एकच संथ धून घेत. आज त्यांनी ती दोन स्वरांत सोडून दिली आणि थेट वरच्या पट्टीत झेप घेतली. रुक्सानाचा हात तारांवरून सरकत गेला आणि अचूक थांबला. मग स्वरांची अशी काही लगबग सुटली, की पुढच्या रांगेतले एक म्हातारे कारागीर मोठ्याने हसले. घोरपडे सरांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि नुसते ऐकत राहिले. शेवटी एक तुकडा आला, लहान, हलका, कधीच न ऐकलेला. तो संपला तेव्हा पियानो पुन्हा सुरू करायला त्यांना जड गेलं.

टाळ्यांना कीव कुठेच नव्हती. लोक उभे राहून वाजवत होते. बार्रेटो सर काठीला धरून उठले, काठी घोरपडे सरांकडे दिली आणि उजव्या हाताने रुक्सानाचा डावा हात धरून उंच केला. सरांचे डोळे भरून आले होते, पण ते हसत होते, परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखे.

मंचामागच्या खोलीत वडगावे मॅडम दोन्ही पट्ट्यांची नोंद पाहत बसल्या होत्या. घोरपडे सर स्वरलिपीचा कागद घेऊन आले. "तो शेवटचा तुकडा मला रचनेत कायमचा घ्यायचाय. सर, पुन्हा गाऊन दाखवता?"

"तो सरांचा नव्हता," मॅडम म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"बाकी सगळ्याचा आदेश सरांच्या हातातून निघाला. हा तुकडा रुक्सानाच्या हातातून निघालाय. पट्टे दोन्ही बाजूंनी बोलतात. तिचा आदेश सरांच्या हातात गेला, आणि हे बघा." त्यांनी पडद्यावरच्या उंच रेषेवर बोट ठेवलं. "सरांच्या स्नायूंनी उत्तर दिलं. पक्षाघातानंतरचं सगळ्यात मोठं."

"पण मी काहीच ठरवलं नव्हतं!" रुक्साना म्हणाली. "मला ते सरांचंच वाटत होतं, शेवटच्या स्वरापर्यंत."

"मला माझंच वाटलं," सर म्हणाले.

घोरपडे सरांची पेन्सिल कागदावर अडली. बाहेर अजून लोक थांबले होते, सरांचं नाव घेत होते. रुक्सानाने सरांचा डावा हात उचलून टेबलावर ठेवला. सरांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. करंगळी हलली, की हलल्यासारखी वाटली, कोणालाच खात्रीने सांगता येईना.

"डॉक्टर," सर म्हणाले. आवाजात आनंद मावत नव्हता आणि तरी तो जरा दबला होता. "उद्या हा हात हलायला लागला, तर तो हलवणारा मी असेन, की ही?"