आबांच्या थिओडोलाइटचा दिवा

कुंडलच्या आमच्या रानात मी पाइपलाइनची रेघ आखत होते, तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली. उतरलेला तरुण थेट माझ्या वडिलांच्या, आबांच्या थिओडोलाइटपाशी आला आणि मोडीतली घागर पारखावी तसा त्या मोजणीच्या दुर्बिणीच्या पितळेवर हात फिरवू लागला.

"मी राजवर्धन. पाचगणीला हॉटेल आहे आमचं," तो म्हणाला. "हे विकणार का? याचा दिवा करायचाय… वरती बल्ब, छान दिसेल."

दिवा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबांची उभी हयात या दुर्बिणीतून पाटांच्या रेषा बघण्यात गेली. त्यांच्या माघारी मी तेच काम करतेय, आणि हा त्यावर बल्ब लावणार?

"आदी ह्यातनं बगून दाखवा," मी म्हणाले. "हितनं त्या आंब्यापतोर सरळ रेघ. मधी मी काठी धरते, तुमी हातानं खुणावून मला रेषेवर आणा. आणलंत, तर न्या घेऊन."

रागाच्या भरात बोलून गेले खरं. पण दिलेला शब्द मागे घेणं आमच्या घरात बसत नाही.

जुन्या दुर्बिणीत माणूस डोक्यावर उभा दिसतो, तेवढं त्याला कळलं. डावं-उजवंही पालटतं, हे काही कळलं नाही. तो मला भलतीकडेच सरकवत होता. मला सगळं दिसत होतं, पण काठीवाल्यानं वाद घालायचा नसतो, ही आबांची शिस्त. सरकत सरकत मी उसात शिरले. पाल्यानं हात कापले, तरी हा बाबा आपला खुणावतोच आहे.

शेवटी तो धावत आला. "अहो, ओरडायचं ना… रक्त आलंय." त्यानं खिशातला रुमाल काढून माझ्या हाताला बांधला. मला त्याचा राग आला, आणि हात काढून न घेणाऱ्या माझा त्याहून जास्त.

"उद्या पुन्हा बघू का?"

"बगा की. ऊस कुटं जात न्हाई."

तो आला. तिसऱ्या दिवशीही आला. यंत्र सपाट करायला पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणता आणता म्हणाला, "यातून तुम्ही उलट्या दिसता."

"आन नुसत्या डोळ्यांनी?"

"रागावलेल्या… पण बघत राहावंसं वाटतं."

मी तोंड फिरवलं. हसू आलेलं त्याला दिसायला नको होतं.

आणि एका दुपारी त्यानं बरोबर उलट्या खुणा केल्या. काठी रेषेवर आली. आबांचं यंत्र गेलं.

डोळे भरून आले, त्याचाही मला संताप आला. "न्या. लावा तुमचा बल्ब."

"दिवा नाही करायचा आता," तो हळूच म्हणाला. "पण हे एकट्यानं चालत नाही, स्वप्नाली. एकानं बघायचं, एकानं काठी धरायची… जन्मभर धरशील?"

म्हणजे मागणी घालतोय तीही काठी धरायला!

"यंत्र हितंच ऱ्हाईल," मी म्हणाले. "दुर्बिणीपाशी मी. काठी तुमी धरायची."

"मग… हो समजू?"

"आदी काठी उचला."

तो काठी घेऊन आंब्याकडे चालू लागला. मी डोळा लावला. दुर्बिणीत तो डोक्यावर उभा होता, आणि मला फार फार आवडत होता.