मीठबाईच्या तलावाला भरती

पोहायचा तलाव मिठाच्या पाण्याचा म्हटलं की लोकांना वाटतं, आत समुद्रच आणून ओतलाय. कसला समुद्र अन् कसलं काय! डोळ्यांतून येतं त्या पाण्यापेक्षाही ते अळणी असतं. मीठ असतं ते सेलपुरतं. सेल म्हणजे पंपाच्या खोलीत पाइपाला जोडलेली एक पारदर्शक नळी, तिच्यात ओळीनं उभ्या धातूच्या पातळ पट्ट्या. त्यांतून वीज गेली की मिठातूनच क्लोरीन तयार होतो आणि पाणी निर्मळ राहतं. एवढीच जादू. ती सांभाळायला क्लबानं जिला ठेवलं होतं, तिला सगळे मीठबाई म्हणत. तिलाही त्याचं काही वाटत नसे.

पट्ट्यांवर चुन्याचा थर धरतो, पाणी तापवायच्या भांड्याला आतून धरतो तसा. मग पंप बंद करायचा, व्हॉल्व्ह बंद करायचे, सेल सोडवायचा, खालचं तोंड टोपणानं बंद करून तो उभा ठेवायचा आणि आत पातळ ॲसिड ओतायचं. आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं केलंत तर तोंड भाजून घ्याल. चरचरत फेस येतो. फेस थांबला की चुना संपला. हे सगळं तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की ती एकीकडे गुणगुणत असे.

पंपाच्या खोलीमागेच तिचं दोन खोल्यांचं घर. तिथे ती आणि आई. आई समुद्रकाठची, लग्न होऊन या कोरड्या मुलखात आली ती आलीच. लेकीनं तर समुद्र कधी पाहिलाच नव्हता. "एकदा ने गं मला," असं आईनं किती वेळा म्हटलं असेल. पण उन्हाळा म्हणजे पोहण्याचा हंगाम, आणि हंगाम संपला की डागडुजी. नेऊ नेऊ म्हणता आईचं काळीज थकलं. डॉक्टर म्हणाले, आता प्रवास झेपणार नाही, हवं ते खाऊ द्या त्यांना. खायला आईला काहीच नको होतं. जे हवं होतं ते लेकीच्या हातून निसटलं होतं, आणि घास घेताना ते मीठबाईला आठवायचंच.

"बाई, पाणी खारट लागतंय म्हणतात लोक," मॅनेजर एका दुपारी म्हणाला. "नावडतीचं मीठ अळणी असतं म्हणे. तुम्ही फारच आवडत्या दिसता."

मीठबाई हसली नाही. तिनं मीठ घातलंच नव्हतं. ऊन लागलं की पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पण घातल्याशिवाय ते येत नाही आणि आलेलं आपोआप जात नाही. तिनं पाणी तपासलं. मीठ दुपटीच्या वर होतं. पुन्हा तपासलं, तरी तेच. आणि काठाच्या फरशीवर, जिथे पाणी कधी पोचत नाही तिथे, एक लांबलचक ओली रेघ होती.

"क्लोरीनही कमी पडतोय," मॅनेजर म्हणाला. "उद्या मुलांच्या शर्यती आहेत. आजच सेल धुऊन टाका, नाहीतर माझं काही खरं नाही."

तिनं सेल सोडवून उजेडाकडे धरला. थर होता, पण सपाट नव्हता. पट्ट्यांच्या कडांवर बारीक बारीक पांढरे डोंगर उगवले होते, आणि प्रत्येकाचं टोक दाराच्या दोन फळ्यांसारखं घट्ट मिटलेलं. चुना असा धरताना तिनं कधी पाहिला नव्हता. लाकडी काडीनं तिनं एक हलकेच सोडवला आणि आईकडे नेला.

आईनं तो तळहातावर घेतला, अंगठा फिरवला. डोळेही उघडले नाहीत.

"हे आमच्या खडकांवरचे शिंपले. अनवाणी गेलं की पाय कापायचे. कुठे मिळाला?"

"सेलमध्ये. चुना असेल गं."

"चुना नाही, जिवंत आहे. पाणी लांब आहे म्हणून मिटलाय. भरती आली की उघडतो आणि बोटं बाहेर काढून बोलावतो." आईनं हात वर करून चारही बोटं आत मुडपली, एकदा, दोनदा. लेकीलाही ती लहानपणापासून अशीच बोलवायची. लाटांच्या आवाजात हाक पोचत नाही, म्हणून तिच्या माहेरी हातानंच बोलवायची रीत होती.

उशाशी पाण्याचा पेला होता. आईनं तो पांढरा डोंगर त्यात सोडला.

"बाकीच्यांना धुऊ नकोस," ती म्हणाली. "वाट बघतायत ते."

बादलीत ॲसिड तयार होतं. चुना विरतो तसा शिंपलाही विरतो. वेड लागलंय का तुला, असं मीठबाईनं स्वतःला विचारलं. शर्यती होत्या, मॅनेजर होता, इतक्या वर्षांची नोकरी होती. मग तिनं ॲसिड तसंच झाकून ठेवलं, न धुतलेला सेल परत जोडला आणि पंप सुरू केला.

दिवेलागणीच्या सुमारास तिनं आईला चाकाच्या खुर्चीत बसवून तलावाच्या उथळ बाजूला आणलं. पोहणारे सगळे गेले होते. वारा पडलेला होता.

पाणी काठापर्यंत आलं. थांबलं. मग काठ ओलांडून फरशीवर आलं, मागे सरलं, पुन्हा आलं, या खेपेला थोडं पुढे.

पंपाचा आवाज ऐकू येईना. त्याच्यावरून दुसराच एक आवाज येत होता, खोल, लांबचा. ओला, उग्र वास आला. मीठबाईला तो वास ठाऊक नव्हता, तरी तिला रडू फुटलं.

तलावापलीकडची भिंत तिनं शोधली. तिथे पाणीच होतं. त्यापुढेही पाणी.

भीती वाटायला हवी होती. तिला वाटलं ते एवढंच, की आपण किती लहान आहोत, आणि हे केवढं मोठं आपल्या दारात आलंय.

आईनं पाय पुढे केले. लाट तिच्या घोट्यांवरून गेली.

"नेलंस बाई मला," आई म्हणाली.

"मी कुठे नेलं? तेच आलं."

आई हसली. पाणी ओसरू लागलं तशी तिनं त्याच्याकडे पाहत मान हलवली, पाहुणी उंबऱ्यात थांबून हलवते तशी.

"येते हं," ती म्हणाली.

पाणी काठाखाली गेलं. समोर भिंत होती. आईचा हात गार पडला होता.

शर्यती पुढे ढकलल्या. आईला निरोप देऊन आल्यावर मीठबाईनं सवयीनं पाणी तपासलं. मीठ नव्हतं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी गोडं होतं. सेल उघडला तर पट्ट्या नव्यासारख्या लखलखत होत्या. ॲसिडची बादली झाकलेलीच होती.

मग ती आईचं अंथरूण आवरायला आत गेली. उशाशी पेला तसाच होता.

पेल्यातला डोंगर उघडला होता. आतून केसांहून बारीक बोटं बाहेर आली, मुडपली, पुन्हा उघडली, पुन्हा मुडपली.

मीठबाई उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

पेल्यातली बोटं हळूच खिडकीकडे वळली, तिच्याकडे.