टाकीचा रिकामा भाग

हेब्बाळमधल्या आमच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी काचेची एक लांबट टाकी आहे. तिच्यात बोटाच्या पेराएवढे मासे होते. वाळवंटातल्या एकाच डबक्यात ही जात उरली होती. तिथून आणलेली शेवटची जोडी अंडी घालून मेली. ही तिची पिल्लं. जगात दुसरीकडे आता एकही नाही. शेपटीचा कण घेऊन त्यांचा जीनोम वाचायचा आणि कोणाची जोडी कोणाशी लावायची ते ठरवायचं, हे माझं काम.

पिल्लं टाकीच्या डाव्या भागातच फिरत. मध्यावर आली की भिंत लागल्यासारखी वळत. का, ते मी शरतला सारखी विचारायची.

"अय्यो वल्लरी, सुम्ने, उगी कशाला डोकं खातीस?" शरत म्हणाला. टाक्या तो सांभाळतो. त्याच्या घराण्याचं मराठी पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं पाणी पिऊन असं झालं आहे. "मासे हाईत ते. कंपनीची बस हाय काय, गावभर फिरायला?"

मी उजेड, तापमान, प्राणवायू तपासला. दोन्ही बाजूंना सारखंच. उजवीकडे टाकलेलं खाद्य तसंच तळाशी बसलं.

डबक्याचा रखवालदार अधूनमधून फोटो पाठवतो. पिल्लं जिथून वळतात तिथे मी टाकीच्या काचेच्या झाकणावर, वरून बघत, रेघ ओढली होती. फोटो त्या मापाचा छापून शेजारी धरला. काठच्या खडकामुळे डबक्याला एक खाच होती. माझ्या रेघेलाही होती.

या पिल्लांनी ते डबकं कधी पाहिलेलं नाही. वाचलेल्या जीनोममध्ये असं काही मावेल अशी जागा मला सापडली नाही.

मे महिन्यात डबकं आटू लागलं. रोज मला नवी रेघ ओढावी लागली, आधीच्या रेघेच्या आत. पिल्लं एकमेकांना घासू लागली.

"दुसरीकडे हलवू," मी म्हणाले.

शरतने त्यांना जाळीने मोठ्या टाकीत सोडलं. ती मधोमध जमली. तळहाताएवढ्या जागेत. तीच खाच.

"इथं पण?" शरत म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

दुपारी फोटो आला. चिखलाला भेगा पडल्या होत्या.

टाकी काठोकाठ भरलेली होती. पिल्लं तळाशी कुशीवर पडून कल्ले उघडत होती.

उचलायला मी कोपरापर्यंत हात घातला. हाताला एकही लागलं नाही.

शरतने टॉवेल पुढे केला.

"नको," मी म्हणाले.

हात कोरडा होता. नखांत बारीक वाळू होती, अजून गरम.