मान तिरकी का होती?

शाल्मलीने जुन्या अल्बमची पानं पुन्हा एकदा चाळली. शाळेच्या गटात, सहलीत, आपल्या ताईच्या लग्नात, जिथे बघावं तिथे लहानपणीचे आजोबा डाव्या खांद्याकडे मान कलवून उभे! आणि १९८८ नंतरच्या एकाही फोटोत मान तिरकी नव्हती.

"आजोबा, तुम्ही लाजत होता का?"

डॉ. भालचंद्र आवटी हसले. मिरजेत चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे डोळे तपासले होते. आता २०५१ साली ते बहात्तर वर्षांचे होते.

"लाजतोय कसला! मान सरळ केली की मला एकाचे दोन दिसायचे. फोटोवाले बंडूकाका माझी हनुवटी धरून म्हणायचे, 'बाळ, काकांकडे बघ.' मी विचारायचो, 'कुठल्या काकांकडे?'"

शाल्मलीला हसू आलं नाही. सहा महिन्यांपूर्वी ती सायकलवरून डोक्यावर पडली होती. तेव्हापासून तिलाही दोन-दोन दिसत. पुस्तकातली एक ओळ दुसरीवर चढे. मान डावीकडे कलवली की जरा बरं वाटे. पण वर्गातल्या मुली तिला 'चिमणी' म्हणू लागल्या होत्या. उद्या तिचं ऑपरेशन होतं.

"पण दोन का दिसतात?"

"प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू (खेचणारे मांसल पट्टे) असतात. तंबूच्या खांबाला चहूकडून दोर बांधतात ना, तसे. मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून (निरोप नेणाऱ्या धाग्यांतून) येतो आणि ते डोळा फिरवतात. तू पडलीस तेव्हा उजव्या डोळ्याला खाली ओढणाऱ्या एका स्नायूचा धागा दुखावला. तो स्नायू लुळा पडला. मग वर ओढणाऱ्याचंच चाललं. डोळा किंचित वर गेला आणि दोन डोळ्यांची चित्रं एकमेकांवर बसेनात."

"मग डॉक्टर धागा जोडणार?"

"नाही गं. तो आपोआप बरा होईल म्हणून तर इतके दिवस थांबलो. आता हजीराताई, म्हणजे तुझ्या डॉक्टर मुल्ला, वर ओढणारा स्नायू थोडा सैल करतील. ताण सारखा झाला की डोळा जागेवर येतो."

"म्हणजे मी अगदी पूर्ण बरी होणार?"

आजोबांनी अल्बम मिटला. "समोर बघताना, वाचताना बहुतेकांना एकच दिसू लागतं. मानही सरळ होते. कडेला मात्र काहींना दोन दिसत राहतात. एखाद्याला दुसरं ऑपरेशनही लागतं. तुला खोटं सांगणार नाही, बाळा."

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी तपासणी झाली. दवाखान्यातला ठिपका नावाचा यंत्रमानव तिच्यासमोर लाल दिवा फिरवू लागला.

समोर? एक. वाचताना? एक! शाल्मलीची कळी खुलली. दिवा खाली, डाव्या कोपऱ्यात गेला.

"दोन," ती पुटपुटली आणि तिचे डोळे भरून आले. "आजोबा, फसलं का?"

"छे! अगं, त्या कोपऱ्यात मलाही दोन दिसतात. माझ्या ऑपरेशनला त्रेसष्ट वर्षं झाली. तिकडे बघायचं तर मी अख्खं डोकंच वळवतो. माझं काही अडलं नाही."

मग ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माझी पट्टी सुटली त्या दिवशी आई रडली होती. म्हणाली, 'जत्रेत तुझी कललेली मान लांबूनच ओळखू यायची रे. आता कसा शोधू तुला?' मग पुढे कितीतरी दिवस, बाजारात ती दिसली की मी मुद्दाम मान कलवायचो. ती लगेच हात वर करायची."

आजोबांनी चष्मा काढून पुसला.

शाल्मलीने नाक पुसलं. "ठिपका, दुखावलेला धागा जोडताच येत नाही का?"

"अजून खात्रीने येत नाही. प्रयोगशाळांत प्रयत्न चालू आहेत."

"कोण जोडणार?"

"ते नाव माझ्याकडे नोंदलेलं नाही."

शाल्मली विचारात पडली. मग तिने टेबलावरचा कोरा कागद ओढला.

"आजोबा, त्या सहा स्नायूंची नावं सांगा. सगळी सांगा, आणि हळू सांगा. मी लिहून घेते."