एकशे बेचाळिसावं नाव

शुक्रवारी सकाळी लातूरहून ट्रंक कॉल आला, तेव्हा रेवणप्पा मंठाळे नांदेडच्या आपल्या घरी नळाखालच्या हंड्याकडे बघत बसले होते. हंडा अर्धाच भरला होता आणि धार बारीक होत चालली होती. शेजारच्या मेडिकलवाल्यानं खिडकीतून हाक मारली. रेवणप्पा हंडा तसाच टाकून धावले.

"साहेब, वही गेली," पलीकडून आवाज आला.

आवाज ज्ञानोबा सूर्यवंशीचा होता. कुठली वही, हे विचारायची गरजच नव्हती.

रेवणप्पा एका औषध कंपनीचे नांदेडचे एरिया मॅनेजर आणि ज्ञानोबा त्यांच्या हाताखालचा एम.आर., म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधं खपवणारा प्रतिनिधी. हातात औषधांची बॅग, गळ्यात टाय आणि पायाखाली नऊ वर्षांची धूळ. उदगीरच्या त्याच्या वस्तीत टाय बांधणारा तो पहिलाच. लातूर, उदगीर, जळकोट या भागातल्या प्रत्येक डॉक्टरची माहिती त्यानं लाल कापडी बांधणीच्या एका वहीत लिहून ठेवली होती. कोण केव्हा मोकळा असतो, कोण काय लिहून देतो, कुणाच्या घरी काय चाललंय, सगळं. एकशे बेचाळीस नावं.

लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष व्हायचं होतं. नवा जिल्हा, म्हणून कंपनीलाही तिथं नवा एरिया मॅनेजर हवा होता. सोमवारी मुलाखत होती. उमेदवार दोन. एक ज्ञानोबा. दुसरा शरणप्पा शेटकार. हदगाव आणि हिमायतनगरचा भाग सांभाळणारा, मूळचा लातूरचा, रेवणप्पांच्या तिथल्याच जुन्या गल्लीत वाढलेला आणि त्यांच्याच शिफारशीनं कंपनीत लागलेला. दोघांनीही नव्या जिल्ह्याचा आराखडा आणायचा होता, डॉक्टरांच्या पूर्ण यादीसह.

रेवणप्पा घरी परतले. नळ गेला होता. ते कपडे करत होते तेवढ्यात मेडिकलवाल्याची पुन्हा हाक, दुसरा फोन. या वेळी पुण्याहून बर्वे साहेब, कंपनीचे रिजनल मॅनेजर.

"मंठाळे, वही गेली म्हणे. ती होती हे कुणी पाहिलंय?"

"हातात पाहिलीय साहेब. उघडून नाही पाहिली."

"म्हणजे नसेलही. नऊ वर्षं घरबसल्या भेटी लिहिल्या असतील माणसानं. सोमवारपर्यंत वही दिसली नाही, तर बढती सोडा, मी त्याच्या नोकरीचाच विचार करीन."

रेवणप्पांनी फोन ठेवला. ज्ञानोबाची विक्री त्यांनी नऊ वर्षं तपासली होती. वही एकदाही मागितली नव्हती. आणि आता, खरं सांगायचं तर, त्यांच्याही मनात पाल चुकचुकली होती.

दुपारी एसटीनं ते लातुरात उतरले ते थेट शिवप्पांच्या दुकानात. शिवप्पा कंपनीचे स्टॉकिस्ट, म्हणजे जिल्ह्याला माल पुरवणारे घाऊक व्यापारी. पुढं दुकान, मागं गोदाम, त्यामागं आड. आड कोरडा.

"काल काय झालं ते नीट सांगा, शिवप्पा."

"ज्ञानोबा पाचला जळकोटहून आला. बॅग गोदामातल्या बाकावर टाकली अन् मागं तोंड धुवायला गेला. तांब्याभर पाणी दिलं मी, जास्त कुठून आणू? येऊन बॅग उघडली तर वही न्हाई."

"तेव्हा दुकानात कोण होतं?"

"मी गादीवर. पुढच्या बाकड्यावर किशनराव, त्या दुसऱ्या कंपनीचा एम.आर. अन् गोदामात आपला शरणप्पा."

"कुणी बाहेर गेलं?"

"जाऊ दिलं तर ना! शटर ओढलं अन् सगळ्यांच्या बॅगा उलथ्या केल्या. किशनरावच्या तर दोनदा. मालाचे सगळे खोके फोडले. काही न्हाई."

"सगळे?"

"ते एक सोडून." शिवप्पांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. सुतळीनं आवळलेला, यादी चिकटवलेला खोका. "एक्सपायरीचा माल. सोमवारी संध्याकाळी मुंबईला जाणार. तिथं न उघडताच जाळतात म्हणे. शरणप्पानं बांधून ठेवलाय. कामाचं पोरगं. इतक्या वर्षांत माझ्या एक्सपायरीला हात लावणारा पहिला एम.आर. बघितला."

रेवणप्पांनी खोक्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि पाठ फिरवली.

किशनराव कोपऱ्यावरच्या हॉटेलात सापडला.

"वही तुला उपयोगाची होती?"

"सोन्यासारखी. खोटं कशाला बोलू साहेब? तो विसरला असता तर मी चार दिवस ठेवून घेतली असती. पण दुसऱ्याच्या बॅगेत हात घालत नाही मी. अन् दोनदा झडती झाली माझी, शरणप्पाची एकदाच. ते का, ते विचारा की शिवप्पाला."

शरणप्पा संध्याकाळी भेटला. चेहरा सुतकी.

"अण्णा, लई वाईट झालं. ज्ञानोबाचा माझा सामना असा व्हायला नको होता."

"तुझा आराखडा झाला?"

"लिहून राहिलोय. आठ दिवस फिरलो या भागात. घरी पाहुणे आहेत, म्हणून शिवप्पाकाकांकडून गोदामाची किल्ली घेतलीय. दोन रात्री तिथंच बसतो."

"बस," रेवणप्पा म्हणाले. पोराच्या खांद्यावर हात ठेवताना त्यांना बरंही वाटलं आणि कुठंतरी खटकलंही. काय खटकलं, ते मात्र समजेना.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. शनिवारी सकाळी ते ज्ञानोबाला घेऊन जळकोटच्या गाडीत बसले. वही तिथंच राहिली नाही कशावरून, हे आधी पाहायला हवं होतं.

"आठवून का लिहीत नाहीस?" त्यांनी वाटेत विचारलं.

"लिहिली, साहेब. पंचशीला लिहून घेते, मी सांगतो." पंचशीला त्याची बायको, शाळेत शिक्षिका. "नव्वदपर्यंत आलो. पुढं माणसं डोळ्यांपुढं येतात, पण वेळा, वार, तारखा येत नाहीत. अर्धवट यादी बर्वे साहेबांपुढं ठेवली तर ते म्हणतील, बघा, नव्हतीच वही."

रेवणप्पा खिडकीबाहेर बघू लागले. तेच तर म्हणाले होते बर्वे.

जळकोटला वेशीपाशी टँकर उभा होता. घागरींची रांग पार देवळापर्यंत. रांगेच्या तोंडाशी कमरेला पदर खोचून, हातात वेताची काठी घेऊन एक बाई उभी होती. काठी ती कुणाला मारत नव्हती. पण पुढं घुसणाऱ्याची घागर काठीनं बरोब्बर मागं सरकत होती.

"या मास्तर!" ती ज्ञानोबाला म्हणाली. टायवाला माणूस म्हणजे मास्तर, हा तिचा हिशेब.

"तारामतीबाई, परवा माझी लाल वही इथं राहिली का?"

"न्हाई की. माझ्यासमोर पिशवीत घातली तुमी अन् गाडीत बसला. म्या ह्या डोळ्यांनी पायलं."

रेवणप्पा पुढं झाले. "वही होती? नक्की?"

"आता काय सांगावं! माझं नाव बी लिवलंय की तिच्यात." बाईनं एक घागर मागं ढकलली. "गावात डाक्टर एकच. अन् टँकर गेल्याबगर त्याच्याकडं काळं कुत्रं बी जात न्हाई. हे मास्तर पयल्यांदा आले तवा दोन घंटे तसंच बसून होते. म्या सांगितलं, दहाच्या म्होरं या. कुणाच्या घरी लेकरू आजारी, कुणाला जुलाब, सगळं ह्या रांगेत कळतंय. तवापासनं पयले मला भेटतेत, मंग डाक्टरला."

ज्ञानोबा ओशाळला. "यांच्याशिवाय जळकोट कळत नाही, साहेब. म्हणून लिहिलं."

परतीच्या गाडीत रेवणप्पांना दोन गोष्टी पक्क्या कळल्या. वही होती. आणि ती लातुरात, शिवप्पांच्या दुकानातच गेली होती. घेणारा कोण, ते मात्र कळत नव्हतं. निदान, जाणून घ्यायला मन तयार नव्हतं.

सोमवारी दहा वाजता लॉजच्या खोलीत बर्वे साहेब टेबलामागं बसले. शेजारी रेवणप्पा, समोर दोघं उमेदवार. ज्ञानोबाची हातानं लिहिलेली नव्वद नावं बर्व्यांनी दोन बोटांनी बाजूला सारली.

"बाकीची कुठंयत?"

"वहीत, साहेब."

"आणि वही?"

ज्ञानोबानं मान खाली घातली नाही.

शरणप्पाचा आराखडा टाइप केलेला होता. बर्वे पानामागून पान उलटत गेले आणि त्यांचा चेहरा खुलत गेला. "वा! हे काम म्हणायचं. एकशे बेचाळीस डॉक्टर, प्रत्येकाची वेळ, वार. आणि हे बघा मंठाळे, जळकोटसारख्या ठिकाणी लेडी डॉक्टर शोधून काढलीय यानं! आपल्या रेकॉर्डला नावच नाही. डॉ. तारामती, स्त्रीरोगतज्ज्ञ, वेळ सकाळी दहानंतर."

ज्ञानोबा झटकन पुढं झुकला. टेबलाखालून रेवणप्पांचा पाय त्याच्या पायावर पडला. थांब.

"शरणप्पा," रेवणप्पा हळू म्हणाले, "या बाईंना तू स्वतः भेटलास?"

"हो अण्णा. मागच्या मंगळवारी."

"दवाखाना कुठं त्यांचा?"

"वेशीकडं."

"गर्दी असते?"

"लई. बायकांची रांग असते."

"रांग असते, हे खरं. आपलं काय लिहून देतात?"

"आयर्नचं टॉनिक. पुढच्या भेटीला सॅम्पल मागितलंय."

रेवणप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बर्वे साहेब, जळकोटला डॉक्टर एकच, आणि तो पुरुष आहे. तारामतीबाई टँकरची रांग लावतात. परवाच मी त्यांना भेटून आलो. टॉनिक कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नसेल."

बर्वे ते पान पुन्हा वाचू लागले, तसे रेवणप्पा पुढं म्हणाले,

"कुठल्याही डॉक्टरांच्या यादीत हे नाव नाही. ते एकाच जागी लिहिलेलं होतं, ज्ञानोबाच्या वहीत. ज्ञानोबानं त्या बाईंना ओळखलं म्हणून लिहिलं. यानं नुसतं उतरवून घेतलं. वहीत नाव आहे म्हणजे डॉक्टरच, आणि बाई आहे म्हणजे बायकांचीच डॉक्टर, असं धरून चालला."

"पण झडती झाली होती ना?" बर्वे म्हणाले.

"बॅगांची झाली. खोक्यांचीही झाली, एक सोडून. ज्ञानोबा तोंड धुवायला गेला तेव्हा गोदामात हा एकटा होता. वही बाकावरून सरळ एक्सपायरीच्या खोक्यात गेली आणि वर सुतळी बसली. ज्या कामाला एम.आर. कधी शिवत नाही, ते याला नेमकं त्याच दिवशी सुचलं. मग गोदामाची किल्ली मागून दोन रात्री निवांत नक्कल केली आणि वही पुन्हा आत. आज संध्याकाळी खोका गेला असता, जळाला असता. काखेत कळसा होता आणि मी जळकोटला वळसा घालून आलो."

"अण्णा, खोक्यात काही नाही—"

"शिवप्पांना खोका घेऊन बोलवा," बर्वे म्हणाले.

शिवप्पा धापा टाकत आले. सुतळी कापली. वर बाद झालेल्या बाटल्या, खाली पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली लाल कापड. ज्ञानोबानं वही उचलली आणि नकळत छातीशी धरली. मग शेवटचं पान उघडून टेबलावर ठेवली. एकशे बेचाळिसावं नाव: तारामती, जळकोट, वेशीपाशी. टँकर गेल्यावर, दहानंतर. धाकटीला दम्याचा त्रास, विचारपूस करणे.

शरणप्पा रेवणप्पांकडे वळला. "तुम्हीच शिकवलं होतं, अण्णा. बर्वे साहेब कागद बघतात, माणूस बघत नाहीत, म्हणून."

हे खरं होतं. रेवणप्पांना ते झोंबलं, आणि त्यांनी ते झोंबू दिलं.

"शिकवलं होतं," ते म्हणाले. "आणि साहेब, शुक्रवारी तो खोका मी डोळ्यांनी पाहिला. किशनरावची बॅग दोनदा उलथी झाली, तेव्हा मला काही वाटलं नाही. ज्ञानोबावर तर मी मनातून संशयही घेतला. पण या खोक्याची सुतळी कापा म्हणायला माझी जीभ उचलली नाही, कारण गाठ माझ्या गल्लीतल्या पोरानं मारली होती. माझ्या अहवालात हेही लिहिणार आहे."

बर्वे बराच वेळ वहीची पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "सूर्यवंशी, लातूर तुमचं. शेटकार, राजीनामा लिहा."

"राजीनामा घ्या, साहेब," ज्ञानोबा म्हणाला. आवाज शांत होता, पण आत संताप होता तो लपत नव्हता. "पण उद्या. मागच्या मंगळवारी तारामतीबाईंना भेटलो, असं यानं कंपनीच्या कागदावर लिहिलंय. माझ्या जिल्ह्यात खोटी भेट राहणार नाही. ती आधी खरी होऊ द्या."

मंगळवारी पहिल्या गाडीनं रेवणप्पा, ज्ञानोबा आणि शरणप्पा जळकोटला उतरले. टँकर नुकताच लागला होता. शरणप्पाच्या गळ्यात टाय होता आणि हातात, ज्ञानोबानं वाटेत घेऊन दिलेली, रिकामी घागर.

"हे शरणप्पा शेटकार," ज्ञानोबा म्हणाला. "तुम्हाला भेटायचं राहिलं होतं यांचं."

तारामतीबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काठी देवळाकडे केली.

"भेटू की. पयलं रांगेत उभं ऱ्हावा. शेवटाला."

शरणप्पा चालत गेला आणि शेवटच्या म्हातारीमागं उभा राहिला. ऊन चढत होतं. रेवणप्पांनी क्षणभर पाहिलं, पारावर पडलेली कुणाचीतरी घागर विचारून उचलली, आणि त्याच्यामागं जाऊन उभे राहिले.