बनियनचं फडकं

काम साधंच होतं. नवरा पहाटे सायकल घेऊन बाहेर पडला होता आणि चेन पुसायचं फडकं वॉशिंग मशीनवर विसरून गेला होता. क्षिप्राने ते आदल्या दिवशी त्याच्याच जुन्या बनियनमधून फाडलं होतं आणि धुऊन घडी घालून ठेवलं होतं. ते उचलून ती स्कूटीवर बसली आणि घणसोलीतून तळवलीच्या दिशेने निघाली.

अभिरामबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर तो स्वतः दोन हजार सांगेल. वय सेहेचाळीस, कंपनीत मोठा साहेब आणि घरात त्याहून मोठा. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, एक अभिराम आणि दुसरे मूर्ख, हे त्याचं ठाम मत. मूर्खांत पहिला मान बायकोचा. सोळा वर्षांत त्याने तिला 'जेवलीस का' असं कधी विचारलं नव्हतं, मात्र 'तुला कळतं का त्यातलं' हे रोज विचारलं होतं. आता स्वारी निघाली होती पंधरा दिवसांच्या सफरीवर. माळशेज चढायचा, देशावरचं सपाट रान तुडवत विदर्भ गाठायचा, सातपुड्यात चिखलदऱ्याला जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं, सगळं एकट्याने. त्याच्या सायकल क्लबात 'सोलो' वीरांचा एक फलक होता आणि त्यावर नाव लागायचं तर घरच्या माणसाची कसलीही मदत चालत नसे. वाटेत सापडेल त्यावर भागवायचं, असा नियम. माणसं कशाकशात जन्माचं सार्थक मानतात, बोलायची सोय नाही.

तळवली गावाच्या कडेला एक जुनी पिंपरणी आहे. इमारती उठल्या, रस्ता रुंद झाला, पण ते झाड कुणी पाडलं नाही. त्याच्या खालच्या फांद्यांना चिंध्या बांधलेल्या असतात, काही ताज्या, काही इतक्या जुन्या की रंग उरलेला नाही. त्या झाडाखालीच अभिराम भेटला. चेन उतरली होती, हात काळे झाले होते आणि तोंड चालू होतं. क्षिप्राने फडकं पुढे केलं.

तो तिच्याकडे बघून हसला. नियम वाचता येत नसतील तर निदान घरी झोपून तरी राहायचं, असं त्याने तिला सुनावलं. मग हात वर करून त्याने झाडाची एक चिंधी ओढली.

समोरच्या तीन मजली घराच्या ओट्यावर शकुबाई बसली होती. मूळची मिठागरवाली, आता चार भाडेकरूंची मालकीण. ती उठून आली.

"बाबा, ती नको कारू," ती म्हणाली. "गेलेला मानूस मागं लागतो, त्याला आमी हितं बांदून जातो. त्याच्याच कपऱ्याची चिंधी बांदायची, न् पुरं निगायचा. तू सोरलीस तर तो तुजे मागं येल."

अभिरामने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चिंधी फर्रकन निघाली. त्या चिंधीने अभिरामने चेन पुसली, ती सीटखालच्या पिशवीत कोंबली आणि तो निघून गेला. क्षिप्राच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. तिने ते स्कूटीच्या डिकीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी माळशेज चढून गेल्यावर त्याचा फोन आला. सायकल जड लागत होती. मग म्हणाला, कुणीतरी चाकाला चाक लावून मागे येतंय. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की वारा कमी लागतो, कष्ट वाचतात. अशांना अभिराम फुकटे म्हणत असे. मागे वळून पाहिलं तर रस्ता रिकामा होता, पण फुकट्याचा आवाज येत होता म्हणे.

तो आवाज चौथ्या दिवशी क्षिप्रानेही ऐकला. पायडल मारणं थांबवलं की सायकलच्या मागच्या चाकातून टिकटिक येते, सोळा वर्षांत तेवढं तिलाही कळलं होतं. अभिराम नेवाशाच्या पुढे समोरच्या वाऱ्याला तोंड देत धापा टाकत होता, पायडल मारतामारता बोलत होता. आणि त्याच्या बोलण्यामागून टिकटिक येत होती. सावकाश, आरामात, कष्ट न करणाऱ्याची.

तिने तसं सांगितलं. तुला कळतं का त्यातलं, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

जालन्याच्या पुढे ढाबेवाल्याने त्याच्यासमोर दोन ताटं वाढली. लॉजवाल्याने दोन माणसांची आधारकार्डं मागितली. सगळे आंधळे, सगळे अडाणी, असं अभिराम फोनवर ओरडून सांगायचा. मात्र त्याचं ओरडणं रोज थोडं कमी होत होतं. चिखलदऱ्याच्या घाटातून त्याने फोन केला तेव्हा तर तो जवळजवळ कुजबुजत होता.

"क्षिप्रा... तो दमत नाही गं. मी थांबलो की थांबतो... पण धाप त्याला लागत नाही."

तिला त्याची दया आली, नाही असं नाही. पण त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. नाव अभिरामचं, आवाजही त्याचाच, फक्त मऊ.

"जेवलीस का?"

क्षिप्रा गोंधळली. हो म्हणाली. काय केलं होतंस, असं त्याने विचारलं. तिने वरणभात सांगितला. पलीकडचा माणूस फक्त ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी अभिरामने खडसावून सांगितलं की डोंगरात रेंज नव्हती, काल संध्याकाळी त्याने फोन केलाच नव्हता.

यानंतर शहाणी बाई घाबरून माहेरी गेली असती. क्षिप्रा रोज संध्याकाळी साडेसहाला फोन हातात घेऊन बाल्कनीत बसू लागली. फोन येत होता. पाठ दुखते का, शेजारची राजलक्ष्मी अजून भांडते का, असलं काहीबाही तो विचारायचा. ती हसायची. मागे टिकटिक चालू असायची. तिचीही सवय होते.

परतीच्या वाटेवर अभिराम मोडला. आळेफाट्यावरून त्याने क्षिप्राला हुकूम सोडला की त्या म्हातारीला विचार, यातून सुटायचं कसं. क्षिप्राने विचारलं. शकुबाईने सांगितलं की ज्याने काढली त्यानेच ती चिंधी परत बांधायची आणि मागे न बघता जायचं. मागे बघितलं तर काय होतं, हे क्षिप्राने विचारलं.

"बगनाऱ्यानं येऊन कंदी सांगलाच नाय," शकुबाई म्हणाली.

क्षिप्राने हे सगळं अभिरामला जसंच्या तसं सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. हे मुद्दाम नोंदवून ठेवायला हवं.

पंधराव्या दिवशी तिन्हीसांजेला ती झाडाजवळ उभी होती. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, खाडीकडून चिखलाचा वास येत होता. अभिराम आला तो सायकल ढकलत. निम्मा झाला होता. मोबाईलची बॅटरी मुरबाडलाच संपल्याचं सांगून त्याने तो हँडलला तसाच अडकवून ठेवला होता. तेलाने काळीकुट्ट झालेली चिंधी त्याने पिशवीतून काढली आणि फांदीला गाठ मारली.

टिकटिक थांबली. पंधरा दिवसांनी प्रथमच त्याने मोकळा श्वास घेतला आणि त्या एका श्वासात जुना अभिराम परत आला. ताठ झाला, हसला. सायकल घेऊन पाच-सहा पावलं चालला.

"सोळा दिवस फुकट मागे लागला," तो म्हणाला. एक दिवस जास्तच धरला. "तोंड तरी बघतो हरामखोराचं."

आणि वळून त्याने झाडाकडे पाहिलं.

तो फार वेळ नाही, एखादी बस जायला लागते तेवढाच वेळ उभा होता. मग परत फिरला. चेहरा तोच, घामही तोच. तिच्या खांद्यावरची पर्स त्याने हलकेच उतरवून स्वतःकडे घेतली.

"केव्हाची उभी आहेस?" तो म्हणाला. "जेवलीस का?"

क्षिप्राला कळलं. तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर अभिरामचं नाव. समोरच्या हँडलवरचा मोबाईल काळा, बंद. तिने फोन कानाला लावला. आधी टिकटिक, मग आवाज.

"क्षिप्रा... गाठ सोड. ऐकतेस का? मूर्खासारखी उभी काय राहिलीस... सोड ती."

तिने झाडाकडे पाहिलं. वारा नव्हता, बाकीच्या चिंध्या लोंबत होत्या, ती काळी एकटीच फडफडत होती. त्याने एकदा 'प्लीज' म्हटलं असतं तर तिने गाठ सोडली असती. ती वाट बघत होती. पण त्या टोकाला अभिराम होता, आणि तो म्हणाला, "तुला साधी गाठ कळत नाही का?"

तिने फोन कट केला. स्कूटीच्या डिकीत ते फडकं पडून होतं, पंधरा दिवस तसंच, घडीसुद्धा न मोडलेलं. त्याच्याच बनियनचं. तिने ते काळ्या चिंधीवरून गुंडाळलं आणि वर दोन गाठी मारल्या, घट्ट, दातांनी ओढून. ओट्यावरून शकुबाई बघत होती. ती उठून घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

क्लबाच्या फलकावर अभिरामचं नाव लागलं. समारंभात सगळे म्हणाले, प्रवासाने माणूस बदलतो बघा. तो आता वॉचमनला काका म्हणतो, भाजी निवडतो, रात्री तिच्या पाठीला तेल लावून देतो. तीन महिने क्षिप्रा इतकी सुखात होती की आरशात स्वतःला ओळखत नसे. फोन पुन्हा वाजला नाही.

काल ती कपाट आवरत होती. तिची जुनी सुती ओढणी खाली पडली, उचलली तर एका कडेने बोटभर रुंदीची पट्टी फाडलेली होती, सरळ, जपून. तिने त्याला विचारलं.

तो बाल्कनीत सायकलशी बसला होता. चेन लख्ख होती. तिच्याकडे बघून तो प्रेमाने हसला.

"फडकं हवं होतं गं," तो म्हणाला. "रविवारी लांब जायचंय, तळवलीवरून."