दोनशे सतराचा कॉल

दिवा बारीक राहू दे, जवळ सरका. हे मी अभिजीतच्याच तोंडून ऐकलंय. डोकमर्डीला आम्ही एका खोलीत राहायचो. ऑफिसांमध्ये आयपी फोन, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारे फोन, बसवणं हे त्याचं काम.

२०२३, फेब्रुवारीची सतरा तारीख, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्रीची सुट्टी, म्हणून राखोलीच्या एका कापड रंगवायच्या कारखान्याने फोनचा सर्व्हर बदलायला त्याला रात्री बोलावलं. कोणाचा कॉल कुठे वळवायचा, हे तो सर्व्हर ठरवतो. त्याच्या यादीत जो नंबर नाही, तो फोन मुका.

यादी नव्या सर्व्हरवर घेताना २१७ आला. बॉयलर रूम. अभिजीत थांबला. तिथला कामगार झुंबर, नंदुरबारकडचा, आदल्या वर्षी वाफेत भाजून गेला होता. दार अडकलं होतं. झुंबरने आतून गेटला फोन लावला, पण रात्री दहानंतर त्या खोलीचे कॉल मॅनेजरच्या केबिनला वळत होते. केबिन बंद. फोन वाजत राहिला...

तो नियम अभिजीतनेच घातला होता. मॅनेजर साहेबांनी सांगितलं म्हणून. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्याने २१७ यादीतून काढून टाकला. त्या खोलीला केव्हाच कुलूप होतं, वायरही उपटलेली.

एक वाजून दहा मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर २१७.

थांबेना.

त्याने उचलला. आधी नुसता वाफेचा आवाज... मग अगदी हळू,

"साहेब, गेटले जोडी द्या ना."

अभिजीतने २१७ पुन्हा यादीत लिहिला. गेटकडे वळवला.

"जोडलं, दादा... चूक माझी होती."

दूर गेटवर रिंग वाजली. एकदाच.

तो धावत सुटला. वॉचमन कारभारी, महिन्यापूर्वीच कामाला लागलेला, रिसीव्हर हातात धरून उभा. फोनवर कोणीतरी विचारलं, गेट उघडं आहे का. तो हो म्हणाला होता.

"मग?"

"मग... बाजूने कोणीतरी गेलं. गरम वारं आलं."

उजाडल्यावर अभिजीतने जुनं हजेरी रजिस्टर मागितलं. झुंबरच्या घरी जाऊन खरं सांगायचं होतं, गावाचं नाव हवं होतं. कारभारीने कपाटाचं कुलूप काढलं.

झुंबरच्या शेवटच्या दिवशी आत आल्याची वेळ होती. बाहेर गेल्याची कोण लिहिणार? त्याला तर उचलून नेलं होतं.

पण त्या रकान्यात लिहिलं होतं, १.२०. पुढे वाकडी सही.

कारभारीने त्यावरून बोट फिरवलं.

शाई ओली होती.